खोली बदलून मिळावी, ही विनंती

जॉन सिंगलटन या दिग्दर्शकाचा 'हायर लर्निंग' हा चित्रपट १९९५ च्या जानेवारीत प्रदर्शित झाला. १९९१ च्या 'बॉइज एन द हूड' या पहिल्याच चित्रपटाने त्याला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाच्या ऑस्करचे नामांकन मिळवून दिले होते. ते मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय आणि तोवरचा सर्वांत तरुण दिग्दर्शक. २०१९ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. 'हायर लर्निंग'ची गणना त्याच्या श्रेष्ठ कृतींत सहसा होत नाही, आणि त्याची कारणेही उघड आहेत. चित्रपट पसरट आहे, त्यातील काही पात्रे व्यक्ती न राहता भूमिकांचे फलक होऊन बसतात, आणि अखेरीस येणारा गोळीबार कथेतून उमलण्यापेक्षा तिच्यावर लादल्यासारखा वाटतो. तरीही हा चित्रपट आम्ही पुन्हापुन्हा पाहिला आहे, विद्यार्थ्यांना दाखवला आहे आणि त्यावर आपापसांत कडाक्याचे वादही घातले आहेत. याचे कारण कलात्मक नाही. अध्यापकाच्या आयुष्यात नित्य येणारी, पण साहित्य-चित्रपटांत क्वचितच गांभीर्याने येणारी एक जागा या चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे. ती जागा म्हणजे वसतिगृहाची खोली.

कथा कोलंबस नावाच्या काल्पनिक विद्यापीठात घडते. पहिल्या वर्षाला आलेले तीन विद्यार्थी तिच्या केंद्रस्थानी आहेत. मलिक हा कृष्णवर्णीय धावपटू आहे आणि खेळाच्या शिष्यवृत्तीवर आला आहे. क्रिस्टेन ही मध्यमवर्गीय गोरी मुलगी. रेमी हा आयडाहोसारख्या दूरच्या राज्यातून आलेला, बुजरा, कोणातही न मिसळणारा गोरा मुलगा. मलिक आणि क्रिस्टेन यांच्या कथांना आपापले महत्त्व आहे; परंतु आमचे लक्ष दर वेळी रेमीकडे जाते. त्याच्या वाट्याला जे निवासस्थान येते, तेथे फज नावाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी आधीपासून राहत असतो. फज वयाने मोठा, वाचलेला, बोलण्यात तिखट आणि कॅम्पसवर बरीच वर्षे मुरलेला. त्याच्याकडे मित्रांचा सतत राबता असतो आणि रॅप संगीत मोठ्या आवाजात चालू असते. रेमीला अभ्यास करायचा असतो.

येथे सिंगलटन सोपा मार्ग घेत नाही, हे नोंदवले पाहिजे. या खोलीत रेमीची तक्रार खोटी नाही. आवाज खरोखरच मोठा आहे, आणि फज हा काही आदर्श सहनिवासी नव्हे. समोरच्याच्या अडचणीची त्याला फिकीर नाही. दोन माणसे एका छपराखाली राहू लागली की जे साधे, भांड्याला भांडे लागण्यासारखे तंटे होतात, त्यांतलाच हा एक तंटा. त्याला वंशाचा रंग चढतो तो पुढे, सुरक्षारक्षक येतात तेव्हा. ते फजचे संगीत बंद करायला लावतात. गोऱ्या विद्यार्थ्यांकडे तितक्याच मोठ्याने चाललेले संगीत मात्र त्यांच्या कानांवर पडत नाही. फज हे त्यांना ऐकवतो, पण उपयोग होत नाही. गोंगाट कशाला म्हणायचे हे कानांनी नव्हे, तर संस्थेने ठरवलेले असते, ही गोष्ट या छोट्या प्रसंगात जितकी स्पष्ट होते, तितकी पुढच्या सगळ्या रक्तपातात होत नाही.

त्यानंतर रेमी ती खोली सोडतो. ही घटना चित्रपटात जवळजवळ ओझरती येऊन जाते. तक्रार झाली, मुलगा दुसरीकडे गेला, प्रश्न मिटला! कोणत्याही वसतिगृहाच्या नोंदवहीत अशा शेकडो ओळी सापडतील. परंतु आमच्या मते चित्रपटाची खरी शोकांतिका याच ओळीत आहे. खोली सोडून गेलेल्या रेमीच्या एकटेपणाची विचारपूस विद्यापीठातले कोणीही करीत नाही. ती करतो स्कॉट मॉस हा नवनाझी टोळीचा म्होरक्या. तो रेमीला बसायला जागा देतो, त्याचे ऐकून घेतो आणि त्याच्या किरकोळ चिडीला एक भव्य तत्त्वज्ञान पुरवतो. फजचा मोठा आवाज हा आता एका माणसाचा दोष राहत नाही. तो एका वंशाचा स्वभाव ठरतो. पुढे नव्या ठिकाणी रेमीचा सोबती असतो एक ज्यू विद्यार्थी. त्याच्यावर आणि मलिकवर रेमी पिस्तूल रोखतो. शेवटी एका गच्चीवरून तो गर्दीवर गोळ्या झाडतो, त्यांत मलिकची मैत्रीण डेजा मरते, आणि रेमी स्वतःलाही संपवतो. त्याआधी त्याच्यावर झडप घालणाऱ्या मलिकलाच सुरक्षारक्षक बदडून काढतात. कोणाला धरायचे, हेही त्यांना शिकवलेलेच असते.

याच चित्रपटात सहनिवासाची दुसरीही एक जोडी आहे, आणि समीक्षकांपेक्षा आमच्या विद्यार्थिनींनी ती अधिक नेमकी टिपली. क्रिस्टेनच्या खोलीत मोने ही कृष्णवर्णीय मुलगी राहते. दोघींची फार जवळीक आहे असे नाही. क्रिस्टेनवर बलात्कार करणारा बिली हा गोरा विद्यार्थी एके दिवशी खोलीवर दूरध्वनी करतो, आणि फोन उचलणाऱ्या मोनेला तिच्या वर्णावरून शिवी देतो. मोने फज आणि त्याच्या मित्रांना घेऊन जाते व बिलीला माफी मागायला लावते. या माफीत क्रिस्टेनवरील अत्याचाराचा निवाडा होत नाही, हे खरे. पण एका मुलीचे दुःख आणि दुसरीचा अपमान यांचा कर्ता एकच आहे, हे त्या खोलीमुळे उघड होते. दोघी दोन निरनिराळ्या इमारतींत राहत असत्या, तर ही गाठ कधी पडलीच नसती. म्हणजे एकत्र राहण्याने रेमी-फज घडतात, तसेच क्रिस्टेन-मोनेही घडतात. मग प्रश्न असा, की या दोन खोल्यांत फरक कशाचा?

विद्यार्थ्यांना चित्रपट दाखवल्यावर पहिली प्रतिक्रिया ठराविक येते: "हे अमेरिकेत असतं, आपल्याकडे नाही." या प्रतिक्रियेला चित्रपटच काही अंशी जबाबदार आहे. द्वेषाला डोके तासलेला, हातात बंदूक घेतलेला चेहरा दिला, की प्रेक्षक निर्धास्त होतो. कारण आरशात त्याला तसा चेहरा दिसत नाही. एका वर्षी मात्र चर्चेच्या अखेरीस, मागच्या बाकावरील एका मुलाने अगदी शांतपणे सांगितले, "सर, आपल्याकडे कोणी काही बोलत नाही. फक्त खोली बदलून घेतात."

या एका वाक्याने चर्चा संपली. आमच्यापुरती ती तेथूनच सुरू झाली. आम्ही दोघेही काही वर्षांपासून महाविद्यालयाच्या वसतिगृह समितीवर आहोत. जूनमध्ये यादी लागते आणि जुलै संपायच्या आत अर्ज येऊ लागतात. मजकूर ठरलेला: मा. रेक्टर यांस, विषय अमुक, आणि शेवटी 'तरी खोली बदलून मिळावी, ही विनंती'. कारणेही ठरलेली. अभ्यास होत नाही, हवा येत नाही, ढेकूण आहेत, गावाकडचा मित्र दुसऱ्या मजल्यावर आहे, जेवणाच्या सवयी जुळत नाहीत. जातीचा उल्लेख एकाही अर्जात नसतो. तो असण्याची गरजही नसते. पहिल्या दोन-तीन दिवसांत आडनाव विचारून झालेले असते. आडनावाने उलगडा झाला नाही तर गाव, गावातही नाही तर 'तुला स्कॉलरशिप कुठली?' हा प्रश्न. कोणी आपल्या कॉटशेजारच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावली, की विचारण्याचीही आवश्यकता उरत नाही. चौदा एप्रिलची गाणी कानाला मोठी वाटतात आणि गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीतली वाटत नाहीत, हेही आम्ही पाहिले आहे. कोलंबस विद्यापीठाचे सुरक्षारक्षक आम्हांला परके वाटले नाहीत, ते यामुळेच.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाची हकीकत आम्हांला नंतर कळली. आमच्याकडे येण्यापूर्वी तो दुसऱ्या एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहत होता. तीन कॉटची खोली. श्रावणात पहिला सोबती गेला. कारण दिले उपासाचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरा गेला. त्याने कारणही दिले नाही. भांडण झाले नव्हते, अपशब्द कोणी काढला नव्हता. त्याच्या खोलीत दोन कॉट रिकाम्या होत्या आणि शेजारच्या खोल्यांत मुले जमिनीवर गाद्या टाकून दाटीवाटीने झोपत होती. "रात्री त्या दोन कॉटकडे बघून झोप यायची नाही," असे तो म्हणाला. वर्षअखेरीस त्याने वसतिगृहच सोडले. तेथील नोंदवहीत याची नोंद 'स्वेच्छेने' अशी झाली असणार. नियमभंग कोणीच केला नव्हता! दोन अर्ज आले, दोन मंजूर झाले.

एका माणसाच्या आयुष्यातले दोन निवास या संदर्भात आम्हांला फार बोलके वाटतात. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. (चित्रपटातील विद्यापीठाचे नावही त्याच दर्यावर्दी कोलंबसावरून यावे, हा योगायोग.) सुरुवातीला एक-दोन जागा बदलल्यावर ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात स्थिरावले. तेथे त्यांना सोबत मिळाली नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याची. ही मैत्री पुढे आयुष्यभर टिकली. लंडनचे अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी बाबासाहेब १९२० साली पुन्हा निघाले, तेव्हा पैशाच्या मदतीला धावून आलेल्यांत हेच भथेना होते. यानंतरचा दुसरा निवास १९१७ सालचा, बडोद्यातला. संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी आलेल्या या उच्चविद्याविभूषित तरुणाला हिंदू खाणावळींत जागा मिळेना. अखेर एका पारशी सरायीत, पारशी नाव धारण करून, त्यांना वरच्या मजल्यावर राहावे लागले. अकराव्या दिवशी हातांत लाठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. सराय सोडावी लागली. शहरातल्या दोन मित्रांकडे, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, आसरा मागितला. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. तो दिवस बागेत बसून काढून रात्रीच्या गाडीने त्यांनी मुंबई गाठली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत त्यांनी हे सारे अत्यंत संयमाने नोंदवून ठेवले आहे.

एक पारशी जन्माचा मित्र होतो आणि दुसरे पारशी लाठ्या घेऊन येतात. तेव्हा समाज चांगला किंवा वाईट, या विभागणीतून हाती काही लागत नाही. फरक आहे तो जागेचा. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये दोघेही समान दर्जाचे विद्यार्थी होते, दोघांनाही आपल्या खऱ्या नावाने राहता येत होते, आणि त्या जागेवरचा दोघांचा हक्क संस्थेने मान्य केलेला होता. बडोद्याच्या सरायीत यांपैकी काहीच नव्हते. राहणाऱ्याला स्वतःचे नावसुद्धा लपवावे लागत होते, आणि संकटाच्या वेळी त्याच्या बाजूने उभे राहील असे कोणीही तेथे नव्हते. मित्रांनी अडचणी सांगितल्या, त्या बहुधा खऱ्याही असतील. खऱ्या अडचणींनीच माणूस बागेत येऊन बसतो.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांविषयी लिहिलेल्या ग्रंथात हेच सूत्ररूपाने मांडले आहे. निरनिराळ्या गटांतील माणसे नुसती जवळ आणल्याने पूर्वग्रह कमी होत नाहीत. समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्परसहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा या गोष्टी असतील, तरच सहवासाचा उपयोग होतो. नॅटली शूक आणि रसेल फाझिओ या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकन वसतिगृहांतील खोल्यांचीच तपासणी केली. कृष्णवर्णीय सोबती मिळालेले गोरे विद्यार्थी आपल्या सहनिवासाविषयी कमी समाधानी होते, सोबत्याबरोबर कमी वेळ घालवीत होते; आणि तरीही काही काळाने त्यांच्या मनातले नकळत वावरणारे वांशिक ग्रह सौम्य झालेले आढळले. दोन्ही गोऱ्यांच्या खोल्यांत असा बदल झाला नाही. आम्हांला यातील पहिले निरीक्षण दुसऱ्याइतकेच मोलाचे वाटते. अवघडलेपण हे सहनिवास फसल्याचे लक्षण नव्हे. बदल घडत असतानाही ते असू शकते. पहिल्या महिन्यातच खोली बदलून देणारी समिती नेमके हेच अवघडलेपण संपवते, आणि त्याबरोबर त्यातून निघू शकणारे सर्व काही.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची स्वतंत्र वसतिगृहे उभी केली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह त्यांतलेच. आजच्या चष्म्यातून पाहणारा याला विभाजन म्हणेल. पण ज्या मुलांना कोणी दारातच उभे करीत नव्हते, त्यांना आधी डोक्यावर छप्पर हवे होते. त्याच कोल्हापुरात शिकणारे भाऊराव पाटील मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करावयास नाकारले. त्यापायी त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले. पुढे १९२४ साली साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले. भाऊरावांनी मुलांना एका खोलीत नुसते कोंडले नाही. त्यांना एकत्र श्रम दिले, एक चूल दिली आणि त्या चुलीमागे ते स्वतः उभे राहिले. ऑलपोर्टच्या चारही अटी तेथे त्याच्या ग्रंथाच्या तीस वर्षे आधी पाळल्या जात होत्या.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो आम्हांला स्वतःलाच सर्वांत अधिक सतावतो. सहवासाच्या या गुणगानात, जो छळला जातो त्याचे काय? २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील निवासी डॉक्टरांनी आत्महत्या केली. वरिष्ठ सहकारी महिला डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला, आणि त्यावरून गुन्हा दाखल झाला. आरोपांचा निवाडा न्यायालयाचा. पण सुरुवातीचा काही काळ त्या याच वरिष्ठांपैकी काहींबरोबर एका खोलीत राहत होत्या, ही बाब वाचल्यापासून आमच्या मनातून गेलेली नाही. अशा वेळी 'अवघडलेपण सहन कर, त्यातून काही चांगले निघेल' असे कोणत्या तोंडाने म्हणावे? छळ होत असेल तर खोली त्याच दिवशी बदलून दिली पाहिजे, आणि हलवायचे असेल तर छळणाऱ्याला.

म्हणजे अर्जाचा मजकूर एकच असतो, शेवटची ओळ तर अक्षरशः तीच. आणि तरीही एक अर्ज सुटकेचा असतो, दुसरा बहिष्काराचा. आमच्या दोघांमधले वाद याच मुद्द्यावर होतात. एकाचे म्हणणे, कारणाची चौकशी केली की मुले खोटे बोलायला अधिक चांगले शिकतात. दुसऱ्याचे म्हणणे, चौकशी न करणे म्हणजे खोटेपणा मान्य करणे. तूर्त आम्ही एक तोडगा काढला आहे. अर्जदाराला कारण विचारण्याऐवजी, तो गेल्यावर त्या खोलीत कोण उरते, हे आधी पाहायचे. आणि निर्णयापूर्वी त्या उरणाऱ्याला भेटून यायचे. कार्यालयात बोलवायचे नाही, त्याच्या खोलीवर जायचे. दहा मिनिटे कॉटवर बसले की बरेच काही समजते. कोणाचे कपडे कोणत्या दोरीवर आहेत, पाण्याच्या बाटल्या एकत्र आहेत की वेगळ्या, आपण आत येताच कोण गप्प होते. काही वेळा खरोखरच ढेकूण सापडतात. तेव्हा औषध फवारून घेतो.

या वर्षी समितीपुढे एक प्रस्ताव आहे: विद्यार्थ्यांना आपले सोबती स्वतः निवडू द्यावेत. म्हणजे तक्रारी कमी होतील, रेक्टरांचा ताप वाचेल, मुलेही खूश. प्रस्ताव मांडणारे सहकारी सज्जन आहेत आणि तक्रारी कमी होतील हे त्यांचे म्हणणेही खरे आहे. ज्याला कोणीच निवडणार नाही, त्याची तक्रार येणार नाहीच. तो वसतिगृहच सोडेल, स्वेच्छेने. आम्ही या प्रस्तावाला लेखी विरोध केला आहे. बहुमत कोणीकडे जाईल, हे सांगता येत नाही. आमच्या बाजूने आज तरी फार माणसे नाहीत.

'हायर लर्निंग'च्या अखेरीस पडदाभर राष्ट्रध्वज फडकतो आणि त्यावर एकच शब्द उमटतो: 'अनलर्न'. जे शिकलात ते पुसा. चित्रपट पाहताना हा शब्द आम्हांला दर वेळी थोडा उपदेशकी वाटतो. शिवाय तो विद्यार्थ्यांना उद्देशून आहे, असा समज होतो. वास्तविक रेमी जे काही शिकला त्यातले बरेचसे त्याला कोणी वर्गात शिकवले नव्हते. कोणाचा आवाज गोंगाट समजायचा, कोणाची तक्रार लगेच ऐकायची आणि कोणाला न बोलावता एकटे सोडायचे, हे त्याने विद्यापीठाच्या वागण्यातून उचलले. तेव्हा पुसण्याचे काम नोंदवहीपासून सुरू करावे, हे उत्तम. समितीची बैठक येत्या शनिवारी आहे.